पोळ्यानंतरचा आवाज

रोज सकाळी साडेसातला भिवाजीमामा घरातून निघत, गल्लीच्या टोकाच्या हातपंपापर्यंत जात, तिथं थांबत, घराकडं वळत आणि मामीला हाक मारत. "चांगुणाऽऽ!" काम काही नसे. नुकताच तिच्या हातचा चहा पिऊन निघालेले असत, डबा हातात असे. मामी चुलीपुढं बसलेली असे. हाक तिथवर पोचली की ती उलथण्यानं तवा एकदा ठणकन वाजवी. तो आवाज कानावर आला की मामा वळत आणि मोंढ्याची वाट धरत.

पंपापासून मामीच्या चुलीपर्यंत अकरा घरं. मामा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत, आणि अकरा घरं ओलांडून जाणारा आवाज दिवसभर टिकतो, असा त्यांचा हिशोब होता. गल्लीतल्या लोकांना या हाकेची सवय होऊन गेली होती. मधल्या घरातली मिनामावशी त्या हाकेवर लेकरांना शाळेसाठी उठवायची. "ऊठ रं, हर्रास निघाला," म्हणायची.

मी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीत तिकडं गेले की मला ती हाक म्हणजे नवरा-बायकोची गंमत वाटे. मामीला एकदा विचारलं, "मामी, तू ओ का देत नाहीस गं?" ती म्हणाली, "गल्लीत म्या काहून बोंबलू? तवा हाय की."

मामा आधी हमाल होते. एकदा ऐन हंगामात हर्रास पुकारणाऱ्या माणसाचा आवाज साफ गेला. मालाचे ढीग पडलेले, खरेदीदार उभे, आणि पुकारणारा नुसताच ओठ हलवतोय. पोत्यांवर बसलेले मामा उगीच गंमत म्हणून त्याच्या जागी ओरडले. आडत्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "भिवाजी, खाली उतर. हिकडं ये." ते उतरले आणि पुढं बावीस वर्षं पुकारत राहिले.

मी दोनदा त्यांचा हर्रास पाहिला. हळकुंडांचे ढीग रांगेनं मांडलेले असत. मामा पुढं आणि खरेदीदार मागं, अशी ती मिरवणूक एकेका ढिगापाशी थांबे. कुणीतरी हळकुंड उचलून मोडे, आतला रंग बघे, आणि मामांचा आवाज पत्र्याच्या छपराला जाऊन लागे. त्या आवाजात घाई असूनही गडबड नव्हती. शेतकरी आपल्या ढिगापाशी उभा असे आणि मामा शेवटचं "तीन वार" म्हणायच्या आधी एकदा त्याच्या तोंडाकडं बघत. त्यानं मान हलवली तरच ते तीन म्हणत. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यामुळं लांबलांबचे लोक "भिवाजीच्या तोंडून माल जाऊ द्या" म्हणत.

विहारातही त्यांचा आवाज लागे. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, ग्रंथ वाचायला तेच बसत. कुणी ध्वनिक्षेपक आणून ठेवला तर हातानं बाजूला सारत. "हे यंतर तुमच्या नेत्याला द्या," म्हणत.

मार्च ते जून म्हणजे हळदीचा हंगाम. त्या दिवसांत यार्डात पिवळा धुरळा तरंगत असतो. तो केसांत जातो, डोळ्यांत जातो, भाकरीवर बसतो. हमाल, माल तोलणारे तोलारी, पुकारणारे, सगळ्यांचेच आवाज घोगरे होतात. मोंढ्यात त्याला म्हणतात, 'हळद बसली'. घरात एखाद्याचा घसा धरला की बायका म्हणतात, "हळद बसली, उतरंल पोळ्यापर्यंत." गूळ खा, कोमट पाणी प्या, ज्येष्ठमध चघळा. पोळ्यापर्यंत आवक सरते, धुरळा बसतो, पावसानं हवा धुतली जाते आणि आवाज खरंच मोकळे होतात. पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे, खोटा नाही. म्हणूनच त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या हंगामात मामांनाही हळद बसली. दरवर्षी बसे तशीच. मामी तवा वाजवत राहिली. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये तिला जरासं चुकल्यासारखं वाटू लागलं, पण काय चुकतंय ते तिला सांगता येईना. हाक येत होती. तवा वाजत होता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशीची कर झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मामी चुलीवरून उठली आणि हाक आली त्या क्षणी दारात जाऊन उभी राहिली. मामा पंपापाशी नव्हते. ते चार घरं अलीकडं, मिनामावशीच्या ओट्याजवळ उभे होते. गळ्याच्या शिरा ताणून हाक मारत होते.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "तुमी पंपापासून हाक मारत न्हाईत."

"कोन म्हणतं?"

"म्या बघितलं."

"पंपापाशी चिखल हाय."

"चिखल श्रावणात हुता. दर साली चिखलातबी तुमी तितूनच मारता. आता वाळून खडक झालाय."

मामा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "हळद बसली हाय. उतरंल."

"पोळा झाला," मामी म्हणाली. "कवा उतरंल? आता दिवाळीला?"

हे मी नंतर तिच्याकडूनच ऐकलं. ती सांगत होती, की कधीपासून ते एकेक घर अलीकडं सरकत आले असतील, याचा विचार करून तिला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. यार्डात ढिगांजवळ उभं राहून पुकारल्यानं तिथं फारसं कळलं नव्हतं. शिवाय तिथं सगळेच घोगरे. फक्त तिच्या चुलीला कळायचं, आणि चुलीला त्यांनी फसवलं होतं.

दवाखान्याचं नाव काढलं की मामा उठून बाहेर जात. त्याला कारण होतं. शिरड शहापूरचे संतरामकाका त्यांच्याबरोबर हमालीला होते. त्याच्या चार वर्षं आधी त्यांच्या घशात गाठ निघाली. ते फार उशिरा गेले होते. डॉक्टरांना स्वरयंत्र काढावंच लागलं. काका जगले, शेती करू लागले, पण गळ्याला भोक राहिलं आणि आवाज गेला. मोंढ्यात एवढीच गोष्ट पोचली, की संतराम बोलायचा बंद झाला. जगल्याची गोष्ट पोचली नाही.

"मला तसं करतील," मामा म्हणाले. "पुकारनाऱ्याचं नरडं काढलं तर खाली काय राहिलं?"

"तुमी राहता," मामी म्हणाली.

मग तिनंच पैज लावली. "उद्या बराबर पंपापासून हाक मारा. मला ऐकू आली तर म्या जन्मात दवाखान्याचं नाव घेणार न्हाई. न्हाई ऐकू आली तर माझ्यासंगं यायचं."

दुसऱ्या दिवशी मामा पंपापर्यंत गेले. मिनामावशी तिथं घागर भरत होती. पंपाचा दांडा खालीवर होत होता म्हणून मामा थांबले. तिनं घागर बाजूला ठेवली. मामांनी छाती भरून घेतली, घराकडं तोंड केलं आणि हाक मारली. मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं वळून पाहिलं आणि अगदी साध्या स्वरात विचारलं, "दाजी, काही म्हणलात का?"

मामांनी पुन्हा हाक मारली नाही. ते तसेच परत आले, डबा ओट्यावर ठेवला आणि खांद्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवून बसले. मामी उलथणं हातात धरून दारात आली.

"कोन्त्या दवाखान्यात जायचं?" त्यांनी विचारलं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाची डॉक्टर नवीन आलेली होती. डॉक्टर निलम. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी मामांना बोलू दिलं.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"हंगामापासून. हळद बसली."

"ही हळद दर वर्षी बसते?"

"समद्यांनाच बसती."

"आणि उतरते कधी?"

मामांच्या आधी मामी म्हणाली, "पोळ्याला. औंदा उतरली न्हाई, म्हणून तर आणलं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही फार चांगलं केलंत," ती म्हणाली. "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला, तर कारण काहीही वाटो, आतून बघून घ्यायचं असतं. बिडी ओढणाऱ्यानं तर नक्कीच. बिडी किती वर्षं मामा?"

"मोजली न्हाई."

"लग्नाच्या आधीपासून," मामी म्हणाली. "माझ्या आधी ती आली घरात. सवतच म्हना."

डॉक्टर हसली आणि मामाही हसले. त्या हसण्यात आवाज नव्हता, असं मामी सांगे. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

नाकातून बारीक दुर्बीण घालून डॉक्टरनं पाहिलं. मग नांदेडला पाठवलं. तिथं भूल देऊन एक बारीक तुकडा काढला, तपासायला गेला, आणि आठवड्यानं चिठ्ठी आली. मी तेव्हा नांदेडलाच वसतिगृहात राहून बी.ए. करत होते, म्हणून त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी 'कॅन्सर' हा शब्द न चाचरता उच्चारला आणि लगेच कागदावर चित्र काढलं.

"घशात असे दोन बारीक पडदे असतात. बोलताना ते एकमेकांना भिडतात. तुमच्या एका पडद्याच्या काठावर हे आलंय. ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे. बाहेर कुठं गेलेलं नाही."

मामांनी एकच विचारलं. "नरडं काढनार?"

"नाही. या टप्प्यावर काढायची गरज नाही. किरणांचे अठ्ठावीस शेक द्यायचे. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. इतक्या लवकर आलेले बहुतेक लोक बरे होतात. आवाजही राहतो."

"हर्रास पुकारता येईल?"

डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मला अजूनही त्यांचा आदर वाटतो. ते म्हणाले, "बोलता येईल. वाचता येईल. बायकोशी भांडता येईल. तसं ओरडणं मात्र मी परत करू देणार नाही."

मामांनी मान खाली घातली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी खिशातला बिडीचा कट्टा आणि काडेपेटी काढून मामीच्या हातात दिली. ती म्हणाली, "मला काहून? म्या ओढू का आता?" आणि तिथल्याच डब्यात टाकून दिली.

उपचार सरकारी योजनेत बसला. दसऱ्यानंतर दवाखान्यामागच्या एका खोलीत दोघं राहायला आले. शनिवार-रविवार एसटीनं हिंगोलीला जात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येत. मी कॉलेज सुटलं की तिकडं जाई.

शेकाची पद्धत अशी होती. मामांच्या चेहऱ्यावर, गळ्यावर बसेल असा जाळीचा पांढरा साचा दवाखान्यात बनवला होता. टेबलावर झोपवून तो साचा पक्का बसवायचे, म्हणजे मान हलू नये. मग सगळे खोलीबाहेर जात आणि यंत्र त्यांच्याभोवती फिरे. पाच-सात मिनिटांचं काम. काही दुखत नसे, काही दिसत नसे. मामा म्हणत, "काही झालंच न्हाई. फसवून तर न्हाई राहिले?" दोन आठवड्यांनी गिळताना घसा सोलल्यासारखा होऊ लागला, तेव्हा त्यांचा त्या यंत्रावर विश्वास बसला.

तिथं शिवकन्या नावाची परिचारिका होती. उंच, जरा करडी. रोज गळ्याची कातडी तपासायची. तिसऱ्या आठवड्यात मामांचा गळा काळपट, लालसर झाला. रविवारी हिंगोलीला गेले, आणि बावीस वर्षं हळदीत काढलेल्या माणसानं जे करायचं तेच केलं. खोबरेल तेलात हळद कालवून जाडजूड लेप दिला. सोमवारी शिवकन्या सिस्टरनं रुमाल काढला.

"अगं बाई! मामा, लग्न ठरलं की काय? हळद लागली!"

मामांनी बोलायचं नव्हतं, तरी म्हणाले, "औषधी असती ती."

"असेल. भाजीत घाला. या कातडीला आम्ही सांगू तेच लावायचं, नाहीतर काहीच नाही. तेल नाही, हळद नाही, साबण नाही, घट्ट कॉलर नाही. मामी, तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना?"

मामी म्हणाली, "म्या सांगितलं. म्हणले, हळदीतलं तुला काय कळतंय."

"मग आता यांना यंत्रावर न्यायच्या आधी कोण धुणार हे?"

सिस्टरनंच धुतलं. साध्या कोमट पाण्यानं, बोटांच्या टोकांनी, जराही न घासता. अर्धा तास लागला असेल. तोंडानं ती पूर्ण वेळ बोलत होती आणि तिचा हात मात्र इतका हलका होता, की मामा डोळे मिटून बसले होते. त्यानंतर ते तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा, घोट घोट पाणी, बोलणं अगदी गरजेपुरतं.

दुखतं किती, असं ती रोज विचारी. एकपासून दहापर्यंत आकडा सांगा म्हणे. मामा रोज म्हणत, "बराबर हाय." पुरुष माणसानं तीन-चार बायकांसमोर दुखण्याचा आकडा सांगायचा, हे त्यांना जमेना. मामी ते रोज बघायची. तरुणपणी मामा त्यांच्या वडलांबरोबर कळमनुरीच्या बाजारात बैलांच्या सौद्यांना जात. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, तीच किंमत. बघणाऱ्याला काही कळत नाही. ते मामीला ठाऊक होतं. एके दिवशी सिस्टर येण्याआधी तिनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून दोघांच्या हातांवर टाकला.

"बैल कितीला?" तिनं हळूच विचारलं.

मामा चमकले. मग रुमालाखाली काहीतरी हललं. सिस्टर आली, तिनं विचारलं, मामा म्हणाले, "बराबर हाय."

"सात," मामी म्हणाली.

सिस्टरनं दोघांकडं पाहिलं. रुमालाकडं पाहिलं. काही न विचारता सात लिहिलं आणि डॉक्टरांकडून घसा बधिर करणारं औषध आणून दिलं. जेवणाआधी ते घेतलं की घास उतरे. त्या दिवशी मामांनी चार दिवसांनी पोटभर पेज घेतली. पुढं रोज तो सौदा होऊ लागला.

मामीनं त्या दिवसांत काय काय केलं याची यादी करायला मी बसले तर ती रागवेल. ज्वारीचं आंबील, पातळ वरण, केळं कुस्करून दुधात, मऊ खिचडी गाळणीतून काढलेली. तिखट स्वतःसाठीही करत नव्हती, वासानं त्यांना ठसका येईल म्हणून. दर सोमवारी वजन करताना काट्यावर मामा चढत आणि श्वास तिचा थांबे.

एकविसाव्या शेकाच्या दिवशी ते उठले नाहीत. आवाज तर आता पार गेला होता. शेकानं आधी सूज येते, आवाज आणखी बसतो, मग उतरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि सोसलेलं एक नसतं. त्यांनी खाटेवरून हात हलवून सांगितलं, बस. आता नाही. मामीनं समजावलं, मी समजावलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मधेच सोडलं तर आधीचे वीसही वाया जाऊ शकतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मामी बाहेर गेली आणि तिनं फोन लावला. कुणाला, ते मला कळलं नाही. दोन-अडीच तासांनी दारात एक माणूस उभा राहिला. धोतर, हातात पिशवी, गळ्याभोवती ओला पांढरा फडका बांधलेला. ते संतरामकाका होते. त्यांच्या सुनेनं फोन घेतला होता आणि त्यांना शिरड शहापूरहून तसंच वाटेला लावलं होतं.

ते खाटेच्या काठावर बसले. मामा भिंतीकडून वळले. ज्या माणसाच्या भीतीनं ते चार-पाच महिने घर घर करत अलीकडं सरकले होते, तो समोर बसला होता, उन्हानं रापलेला, आडदांड. काकांनी मामांकडं नीट पाहिलं आणि मग ओठांनी, अगदी स्पष्ट, आवाजाशिवाय एक शिवी दिली. मलासुद्धा कळली. मामांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

काकांनी मामांचा रुमाल घेतला आणि दोघांच्या हातांवर टाकला. कळमनुरीच्या बाजारात दोघंही उभे राहिलेले. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. बोलू शकणाऱ्या आम्ही दोघीही गप्प होतो. रुमाल हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. मामांनी नंतर मला सांगितलं. संतरामनं विचारलं, किती राहिले? मामांनी सांगितलं, आठ. संतरामनं त्यांच्या बोटांची मूठ मिटवली आणि तिच्यावर आपली मूठ घट्ट धरली. बाजारात याचा अर्थ, सौदा झाला, आता मागं फिरायचं नाही.

मामा उठले. चप्पल शोधू लागले. आम्ही यंत्राच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा शिवकन्या सिस्टर म्हणाली, "आज उशीर?" मामी म्हणाली, "बाजार भरला हुता."

उरलेले आठ झाले. दिवाळीची सुट्टी मध्ये आली, म्हणून नोव्हेंबर सरत आला. नवीन वर्षात घशाची सूज ओसरली. एका सकाळी मामांच्या तोंडून आधी घरघर आली आणि मग शब्द आला. आवाज पूर्वीचा नव्हता. खालचा, थोडा खरखरीत, पण त्यांचाच. फोनवर त्यांनी मला म्हटलं, "पोरी, अभ्यास करून राहिलीस का?" आणि मी वसतिगृहाच्या गॅलरीत रडले.

हर्रास थावरा पुकारू लागला. तो मामांच्याच हाताखालचा हमाल. पहिले काही दिवस मामा यार्डात गेले नाहीत. ऐकवणार नाही, म्हणाले. हे दुःख खरं होतं आणि ते शेवटपर्यंत पूर्ण गेलं नाही. मग एकदा गेले, तर थावरा 'तीन वार' आधी शेतकऱ्याच्या तोंडाकडं न बघता पुढं चालला होता. मामांनी त्याच्या पाठीत रट्टा घातला. "मालकाला इचार की रं, बैला!" तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. आडत्यानं त्यांना विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायला बसवलं.

आणि त्या वर्षी पोळ्याच्या करीला त्यांनी एक नवीनच प्रकार सुरू केला. यार्डात सगळे हमाल, तोलारी, पुकारणारे गोळा केले. एकेकानं छपराच्या एका टोकाला उभं राहून हर्रासाची बोली पुकारायची, मामा दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसणार. ऐकू आलं तर पुढचा. नाही आलं तर उद्या दवाखाना. लोक हसले. कुणी बैलासारखं हंबरून दाखवलं. "भिवाजी, बक्षीस काय?" कुणी विचारलं. मामा म्हणाले, "तुझं नरडं तुलाच परत." दुसऱ्या वर्षी शंकरसिंग तोलाऱ्याचा आवाज छपराच्या मध्यावर येऊन पडला. तो म्हणाला, हळद बसली. मामा म्हणाले, "पोळा झाला," आणि स्वतः त्याला डॉक्टर निलमकडं घेऊन गेले. त्याच्या पडद्यावर नुसता पांढरा डाग होता, अजून काही झालेलं नव्हतं. डाग काढला, तंबाखू सोडवली. तो आजही काट्यावर उभा असतो. आता मामा नाहीत, पण कर चुकलेली नाही. खुर्चीत थावरा बसतो.

मामी दर वर्षी हंगामात पहिल्या हळदीची एक पुडी डॉक्टर निलमला आणि एक शिवकन्या सिस्टरला पाठवते. सिस्टरच्या पुडीवर माझ्याकडून लिहून घेते: 'भाजीत घालण्यासाठी.' आभार कसे मानायचे, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिला जमतं ते ती करते.

मामांना पुढं सहा वर्षं मिळाली. ती सहा वर्षं मी मोजते, ती मामी मोजत नाही. त्या वर्षांत त्यांनी विहारात ग्रंथ वाचला, आता ध्वनिक्षेपक जवळ ओढून घेत. सासरी असलेल्या लेकीची मुलगी सुट्टीत येई, तिला अंक शिकवले. मामीशी रोज भांडले. मी एम.ए.ला पहिली आले तेव्हा गल्लीभर स्वतः सांगत फिरले. दर तपासणीला घसा स्वच्छ निघाला. गेल्या जानेवारीत, त्रेसष्टाव्या वर्षी, अंगणात ऊन खात बसले असताना त्यांचं हृदय थांबलं. त्या आजाराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

माती झाल्यावर लोक येऊन बसत. मोंढ्यातले, विहारातले, शिरड शहापूरचे. कुणीतरी मामीला विचारी, शेवटी काय म्हणाले? पुकारणारा माणूस, बावीस वर्षं त्याचा आवाज ऐकलेला, त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असे. मामी संकोचायची आणि विषय बदलायची. बाराव्या-तेराव्या दिवशी घर रिकामं झालं तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलली.

त्या दिवशी ती अंगणात दोरीवर गोधडी टाकून आत वळली होती. ते बाजेवर बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, ओरडून नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात, आणि तिला ते आतपर्यंत सगळं नीट ऐकू आलं.

"गोधडी उलटून टाक गं, एकच बाजू तापून राहिली."